प्रबंध कपाटात, विदा कुठे? : विद्यापीठ ग्रंथालयांच्या एका राहिलेल्या कामाविषयी



आजचा विषय असा : विद्यापीठात संशोधन करताना जी विदा, म्हणजे डेटा, गोळा होते ती सांभाळायला विद्यापीठाचं ग्रंथालय काय मदत करतं आणि काय करायला हवी. 'विदा' हा शब्द मराठीत आता बऱ्यापैकी रुळला आहे. बोलताना आम्ही दोन्ही शब्द वापरू, तेवढं चालवून घ्या.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना ते तपासून पाहता येईल. आपल्या विद्यापीठांची ग्रंथालयं संशोधनाचा निष्कर्ष जपतात, पण ज्या नोंदींवर तो निष्कर्ष उभा आहे त्या जपत नाहीत. आणि जिथे डेटा सांभाळण्याची भाषा सुरू झाली आहे, तिथे ती बहुतेक वेळा उशिरा येते आणि एखादा फॉर्म किंवा एखादी कार्यशाळा एवढ्यावर थांबते. खरं तर हे काम संशोधनाच्या पहिल्या महिन्यात सुरू व्हायला हवं, आणि ते माणसाने माणसाजवळ बसून करायचं काम आहे.

विदा म्हणजे नेमकं काय?

एक साधा प्रबंध डोळ्यांसमोर आणू. समजा, समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगारांवर पीएच.डी. करते आहे. ती तीनशे कुटुंबांकडून प्रश्नावली भरून घेते. चाळीस मुलाखती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करते. मुकादमाने दिलेल्या उचलीच्या नोंदवहीचे फोटो काढते. मग हे सगळं एक्सेलमध्ये भरलं जातं, त्यातून कोष्टकं निघतात, कोष्टकांवरून प्रकरणं लिहिली जातात. पाच वर्षांनी प्रबंध बांधून होतो. परिशिष्टात प्रश्नावलीचा नमुना असतो, पण तो कोरा नमुना. भरलेल्या तीनशे प्रश्नावल्या कुठे असतात? त्या एका गोणीत असतात आणि गोणी माळ्यावर असते. मुलाखती जुन्या फोनमध्ये राहतात. एक्सेलच्या चार फाइली असतात : 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सरांनी तपासलेली' आणि 'फायनल नवीन'. यातल्या कुठल्या फाइलवरून प्रबंधातलं कोष्टक आलं हे दोन वर्षांनी तिलाही सांगता येणार नाही.

रसायनशास्त्रात याच जागी प्रयोगवही आणि यंत्रातून निघालेल्या फाइली असतात. इतिहासात दफ्तरखान्यात काढलेले हजारो फोटो असतात, ज्यांची नावं कॅमेऱ्याने दिलेली असतात. भाषाशास्त्रात ध्वनिमुद्रणं असतात. मराठीपुरती यात आणखी एक भर आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कितीतरी संशोधकांनी मुलाखती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित केल्या. त्या युनिकोडमध्ये नाहीत. आज नव्या संगणकावर ती फाइल उघडली तर फाइल शाबूत असते, पण अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. तो फॉन्ट शोधला, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, तर तो वाचता येतो. पण मुळात तो कुठल्या फॉन्टमध्ये होता हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. हे एक वाक्य कुणीतरी त्या वेळी लिहून घ्यायला हवं होतं. विदा व्यवस्थापन हे भारदस्त नाव ज्याला आहे, त्यातलं निम्मं काम अशी वाक्यं वेळेवर लिहून घेण्याचं आहे.

पायासकट छापण्याची आपली परंपरा

ही कल्पना परदेशातून आली असा समज आहे. शब्द आले असतील. पण निष्कर्षाबरोबर त्याचा आधारही वाचकासमोर ठेवावा, ही शिस्त महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यांना स्वतःची मतं नव्हती असं कुणी म्हणणार नाही. भरपूर होती, आणि ती त्यांनी लांबलचक प्रस्तावनांमधून मांडली. पण प्रस्तावनेच्या पुढे मूळ पत्रं छापली. त्यामुळे प्रस्तावना न पटणाऱ्या माणसालाही तो खंड आजही उपयोगी पडतो. राजवाड्यांशी वाद घालायचं साहित्य राजवाड्यांनीच पुरवून ठेवलं आहे.

दुसरं उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं. १९१९ मध्ये हे काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. त्याचं कुठलंही पान उघडून बघा. वर संपादकांनी ठरवलेली संहिता आहे. खाली बारीक टाइपात पाठभेद आहेत : या ओळीत काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथीत काय आहे, मल्याळम पोथ्यांत काय आहे, कुठल्या पोथीत हा श्लोकच नाही. प्रत्येक पोथीला एक खूण दिलेली आहे आणि त्या खुणेवरून ती पोथी कुठली हे कळतं. सुकथनकरांचा निर्णय चुकला असं आज एखाद्याला वाटलं, तर त्याला पुन्हा भारतभर पोथ्या गोळा करत फिरावं लागत नाही. आधार पानाच्या तळाशी छापलेला आहे.

तिसरं उदाहरण हॅरॉल्ड मॅन यांचं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात असताना त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, कुटुंबाचा खर्च किती, हे तपशिलाने दिलं. आज त्या पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती आहेत. तिथे शेती होती हे नव्या रहिवाशांना खरंही वाटणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गावाची तुलना करायची असेल तर आकडे हाताशी आहेत, कारण ते पुस्तकात छापले गेले.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : त्या काळी आधार छापता येत होता. पोथ्यांचे पाठभेद पानाच्या तळाशी मावत होते. आज एका प्रबंधामागची विदा पुस्तकात मावत नाही. ती छापायची सोय गेली, पण त्या जागी दुसरी सोय उभी राहायला हवी होती. ती जबाबदारी कुणाची, हा आजचा प्रश्न आहे.

शोधगंगेने काय केलं आणि काय राहिलं

आता शोधगंगेकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने त्यासाठी शोधगंगा उभारली. हे काम मोठं आहे, आणि टीका करण्याआधी तसं स्वच्छ म्हटलं पाहिजे. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठातला प्रबंध पाहायचा तर विभागप्रमुखांचं पत्र घ्यायचं, रेल्वेने जायचं, वाचनकक्षात बसून हाताने उतरवून घ्यायचं. आज लाखो प्रबंध घरबसल्या वाचता येतात. चोरी पकडणं सोपं झालं, विषयाची पुनरावृत्ती दिसू लागली.

पण शोधगंगेवर जे ठेवलं जातं ते प्रकरणवार पीडीएफ. तिथलं कोष्टक हे कोष्टकाचं चित्र आहे असं समजा. त्यातले आकडे घेऊन पुन्हा गणित करायचं तर ते हाताने टाइप करावे लागतात, आणि केले तरी ते बेरजेनंतरचे आकडे असतात. तीनशे कुटुंबांपैकी ४२ टक्के कर्जबाजारी, एवढं कळतं. त्या ४२ टक्क्यांत जमीन असलेले किती, बाईच्या नावावर कर्ज असलेली घरं किती, हे विचारायचं असेल तर उत्तर गोणीत आहे.

असं का झालं? जे मोजलं जातं ते केलं जातं, हे एक कारण आहे. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयासाठी जे निकष येतात ते पाहा. ग्रंथालयाचं संगणकीकरण झालं का, ई-नियतकालिकं किती, शोधगंगेचं सदस्यत्व आहे का, वर्षाला खर्च किती, दिवसाला वापरणारे किती. हे प्रश्न गैर नाहीत. पण या चौकटीत ग्रंथालय म्हणजे विकत घेतलेल्या गोष्टी पुरवणारी जागा ठरते. विद्यापीठात रोज तयार होणाऱ्या गोष्टींचं ग्रंथालयाने काय केलं, हा प्रश्न तिथे ठळकपणे येत नाही.

दुसरं उदाहरण अभ्यासक्रमाचं. आयोगाने २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीती या विषयाचा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याच्या शेवटच्या घटकात 'डेटाबेस' हा शब्द येतो. वाटतं, चला, आता काहीतरी सांगतील. पण तिथले डेटाबेस म्हणजे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स. त्याबरोबर एच-इंडेक्स आणि नियतकालिकाचा प्रभावांक. म्हणजे आपला लेख किती ठिकाणी उद्धृत झाला हे कसं मोजायचं, ते विद्यार्थी शिकतो. लेखामागची विदा कशी ठेवायची, हे त्याला शिकवायला तीस तासांत वेगळी जागा ठेवलेली नाही.

हरवलं तर काय बिघडतं?

कुणी म्हणेल, प्रबंध झाला, पदवी मिळाली, आता गोणीचं काय करायचं? दोन घटना पाहू.

२०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा एक लेख आला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ कोसळते, असा त्याचा आशय होता. अशा देशांची सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्का दाखवली. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कापण्याच्या बाजूने हा लेख सर्रास दाखवला जाऊ लागला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातल्या गृहपाठासाठी तेच गणित पुन्हा करायचं होतं. ते जुळेना. त्याने लेखकांना लिहिलं आणि त्यांनी आपली एक्सेल फाइल पाठवली. फाइल उघडल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या आहेत. शिवाय काही वर्षांचे आकडे वगळले होते आणि सरासरी काढण्याची पद्धतही वादग्रस्त होती. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये नवं गणित मांडलं. सरासरी उणे ०.१ नव्हे, अधिक २.२ टक्के आली.

यातून नेहमी 'एक्सेल जपून वापरा' असा बोध काढला जातो. आम्हाला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. छापलेल्या लेखात ती चूक दिसतच नव्हती. तो लेख कितीही वेळा वाचला असता तरी ती सापडली नसती. फाइल होती, लेखकांनी ती जपली होती आणि मागितल्यावर दिली, म्हणून सापडली.

आता दुसरी बाजू. प्रत्येक वेळी मागितल्यावर फाइल मिळते का? २०१४ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी २ ते २२ वर्षं जुने, प्राणी-वनस्पतींच्या मोजमापांवरचे ५१६ लेख निवडले आणि लेखकांकडे मूळ डेटा मागितला. लेख जितका जुना तितका डेटा हाती लागणं अवघड. संख्याशास्त्रात ज्याला ऑड्स म्हणतात, ते दर वर्षाला सुमारे १७ टक्क्यांनी घसरत होते. कारणं अगदी घरगुती होती : ईमेलचा पत्ता बंद पडला, डेटा जुन्या प्रकारच्या डिस्कवर राहिला, कुणाच्या तरी घरी कुठेतरी आहे. म्हणजे माळ्यावरची गोणी ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही.

बरं, मोठा संगणक घेतला की प्रश्न सुटतो का? क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपच्या प्रणालीतल्या बिघाडामुळे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. १४ संशोधन गटांच्या फाइली गेल्या आणि त्यांपैकी ४ गटांच्या परत आणता आल्या नाहीत. यंत्र उत्तमच होतं. पण एकाच ठिकाणची प्रत ही प्रत नव्हे, हा जुना नियम तिथेही लागू पडला.

ही विदा कुणाची?

इथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. डेटा संशोधकाचा, असं आपण सहज म्हणतो. पण ऊसतोडीच्या फडावरून संध्याकाळी परत आलेली बाई दीड तास बसून प्रश्नांची उत्तरं देते, तेव्हा तिने काहीतरी दिलेलं असतं. स्वयंपाक बाजूला ठेवून, कर्जाची, आजारपणाची, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेची हकिगत अनोळखी माणसाला सांगितलेली असते. ती नोंद गोणीत कुजली तर त्याचा अर्थ असा, की पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी जाईल आणि तेच प्रश्न पुन्हा विचारील. अनेक गावांत आता लोक विचारतात, 'मागल्या वेळी लिहून नेलं त्याचं काय झालं?' या प्रश्नाला विद्यापीठाकडे उत्तर असायला हवं.

याच्या उलट एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते अभिमानाने सांगावं असं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बेर्नार बेल यांनी त्या कामाला संगणकाची आणि ध्वनिमुद्रणाची जोड दिली. पण नुसती संख्या मोठी म्हणून हा संग्रह टिकला असं नाही. ओवी कुणी गायली, ती बाई कुठल्या गावची, तालुका कुठला, ओवीचा विषय काय, हे तिच्याबरोबर लिहिलेलं होतं. म्हणून २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा संग्रह जगापुढे आणू शकलं, आणि त्यांची माणसं त्या गावांत परत जाऊन गायिकांना किंवा त्यांच्या लेकीसुनांना भेटू शकली. विदेबरोबर तिचं वर्णन असेल तर काय घडतं, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पण याच उदाहरणात आमची तक्रारही आहे. मराठीतला एवढा मोलाचा संशोधनसंग्रह काही माणसांच्या चिकाटीवर आणि विद्यापीठाबाहेरच्या संस्थांवर तगला. चिकाटी असलेली माणसं दर पिढीत मिळतील याची हमी नाही. ती हमी देण्यासाठीच संस्था असतात.

आयात केलेली भाषा

आता जिथे काम सुरू झालं आहे त्याकडे जरा कठोरपणे पाहू. एडिनबरा विद्यापीठाचं नाव यात नेहमी घेतलं जातं, आणि ते योग्य आहे. २०११ मध्ये त्यांनी संशोधन विदेचं धोरण मंजूर केलं. 'मंत्रा' नावाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला, तो आपल्यापैकी कुणीही आजही करू शकतो. डेटा ठेवायला भांडार उभारलं. हे सगळं बाहेरून दिसतं. बाहेरून न दिसणारी गोष्ट अशी, की त्यामागे फाइलीला नाव काय द्यावं इथपासून प्रश्नांची उत्तरं देणारी, त्याच कामाचा पगार घेणारी माणसं आहेत.

आपल्याकडे यातलं आलं काय? लघुरूपं आली. २०१६ मध्ये 'फेअर' तत्त्वं मांडली गेली : विदा सापडावी, मिळवता यावी, दुसऱ्या विदेशी जुळावी, पुन्हा वापरता यावी. तत्त्वं चांगली आहेत. पण त्यांच्यावर दोन तासांचं वेबिनार होतं, शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की प्रमाणपत्र मिळतं, आणि विद्यार्थ्याची गोणी जिथे होती तिथेच राहते. विदा व्यवस्थापनाच्या आराखड्याचंही तेच होऊ शकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०११ पासून प्रत्येक अर्जाबरोबर असा आराखडा मागायला सुरुवात केली. अर्ज मंजूर करण्यापुरता मागितलेला कागद लोक मागच्या अर्जातून उतरवून काढतात, हे कुठल्याही कचेरीत वावरलेल्या माणसाला सांगायला नको.

दुसरा घोटाळा 'खुलं' या शब्दाचा. विदा जपणं म्हणजे ती सगळ्यांसाठी उघडी टाकणं, असा अर्थ लावला जातो आणि मग संशोधक घाबरतात. घाबरणं रास्तच आहे. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरातली मुलाखत, गावाच्या नावासकट, कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवणं हा अपराध ठरेल. नाव काढलं तरी छोट्या गावात 'सरपंचाची विधवा सून' कोण हे सगळ्यांना कळतं. ब्रिटनमध्ये १९६७ पासून चालणाऱ्या एसेक्सच्या डेटा अर्काइव्हने यावर साधा तोडगा वापरला आहे. काही विदा सर्वांना खुली, काही नोंदणी करून अटी मान्य करणाऱ्यांना, आणि अतिशय नाजूक विदा फक्त प्रशिक्षित संशोधकांना, सुरक्षित व्यवस्थेत. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातही संशोधन आणि अभिलेखन यांना काही अटींवर सवलत आहे. म्हणजे वाट आहे. पण पहिल्या मुलाखतीआधी संमतिपत्रात 'ही नोंद पुढे इतर संशोधकांना दाखवू का?' हा प्रश्न घातला नसेल, तर नंतर कुठलाही कायदा किंवा कुठलंही भांडार उपयोगी पडत नाही. म्हणून मदत सुरुवातीला हवी.

भांडारं आपल्याकडे अगदीच नाहीत असंही नाही. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरची डेटा सेवा आहे. तिथे राष्ट्रीय नमुना पाहणीसारख्या सरकारी पाहण्यांची विदा मिळते. जीवशास्त्रासाठी फरिदाबादला २०२२ मध्ये भारतीय जैविक विदा केंद्र सुरू झालं. प्रश्न भांडाराचा कमी आणि वाटेचा जास्त आहे. परभणीच्या किंवा जळगावच्या संशोधकाच्या कपाटापासून त्या भांडारापर्यंत विदा नीट लावून कोण नेणार?

ग्रंथालयच का?

उत्तर साधारण असं मिळतं : संगणक केंद्र. आमचा याला विरोध आहे. संगणक केंद्र फाइल जपेल, पण फाइल आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'प्र७ब' या स्तंभात १, २ आणि ९ असे आकडे आहेत. ९ म्हणजे 'उत्तर दिलं नाही' की नऊ एकर? हे वीस वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसाला कळावं म्हणून आज लिहून ठेवणं, हे तालिकाकाराचं काम आहे. अनोळखी वाचकासाठी वर्णन करणं, कुणाला काय आणि कुठल्या अटीवर द्यायचं हे ठरवणं, आणि माणसं बदलली तरी नोंद चालू ठेवणं, ही तीन कामं ग्रंथालयं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. दाखलनोंद, तालिका, देवघेवीचे नियम. वस्तू नवी आहे, कसब जुनं आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : माणसंच नाहीत. ग्रंथालयांतल्या जागा रिकाम्या आहेत, आहेत ते ग्रंथपाल नॅकच्या फायली भरतात. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. म्हणूनच आम्ही सर्व्हर मागत नाही, वेळ मागतो. एका ग्रंथालयात एक व्यक्ती, आठवड्यातले दोन दिवस, एक विभाग, एवढ्यापासून सुरुवात होते. त्या व्यक्तीने पीएच.डी.ची नोंदणी झाल्यावर महिन्याभरात विद्यार्थ्याबरोबर तासभर बसावं आणि चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. फाइलींची नावं कशी द्यायची. प्रती तीन आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या गावात असेल तर उत्तम. संमतिपत्रात पुढच्या वापराचा प्रश्न. आणि 'मला वाचा' नावाची एक साधी मजकूर फाइल, जिच्यात प्रत्येक स्तंभाचा, संक्षेपाचा, फॉन्टचा अर्थ मराठीत लिहिलेला असेल. प्रबंध सादर करताना ग्रंथालय नाहरकत दाखला देतंच. पुस्तकं परत केली का हे पाहतं. त्याच वेळी विदा कुठे ठेवली, कुणाला दाखवायची, हे एका ओळीत नोंदवून घ्यावं. त्याला नवा कायदा लागत नाही.

श्रोत्यांकडून एक प्रश्न आला आहे, तो घेऊन थांबतो. विचारलं आहे, 'मी पाच वर्षं उन्हातान्हात फिरून जमवलेली माहिती दुसऱ्याला आयती का द्यायची?' प्रश्न प्रांजळ आहे. आयती देऊ नका. विदेला आता लेखासारखाच कायमचा क्रमांक, डीओआय, मिळतो. तो वापरणाऱ्याने तुमचं नाव घेतलंच पाहिजे असा शिरस्ता आहे. शिवाय दोन-तीन वर्षं ती बंद ठेवून आपले लेख आधी लिहून घ्यायची मुभा बहुतेक भांडारं देतात. तुमचा हक्क आधी, हे मान्य. पण तो कायमचा नाही, कारण त्या पाच वर्षांत तुमच्याबरोबर त्या तीनशे कुटुंबांचेही तास गेले आहेत.

शेवटी आपण सर्वांनी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. आपल्या जवळच्या विद्यापीठातला दहा वर्षांपूर्वीचा एक चांगला प्रबंध शोधगंगेवर उघडा. त्यातलं एक कोष्टक निवडा. आणि त्या ग्रंथालयाला नम्रपणे पत्र लिहा, की या कोष्टकामागच्या नोंदी पाहायच्या आहेत, कुठे मिळतील? बहुधा उत्तर येईल की लेखकाला विचारा. अशी दहा पत्रं एका ग्रंथालयात गेली, तर आठवड्यातले ते दोन दिवस कुठून काढायचे याचा विचार तिथे नक्की सुरू होईल.